वैद्यकीय कारणास्तव भांग मिळणेबाबत

खैरनार काकांनी आयर्लंडच्या आरोग्यखात्याला जो पहिला अर्ज लिहिला त्याचा विषय होता, ‘माझ्या मुलीस वैद्यकीय कारणास्तव भांग मिळणेबाबत’. अर्ज मराठीत होता. निळ्या शाईत, डावीकडे चार बोटं समास सोडून, कागदाच्या एकाच बाजूला लिहिलेला. खाली ‘सोबत’ असं लिहून सात जोडपत्रांची यादी दिली होती. तो माझ्यासमोर टेबलावर ठेवून ते म्हणाले, “भाऊसाहेब, याचं इंग्रजी करून द्या. मात्र विषय बदलू नका. विषय बदलला की फाईल दुसऱ्या टेबलावर जाते.”

काकांना जाऊन आता पाच महिने होतील. गेले ते त्यांच्या गावी, सकाळचं फिरणं आटोपून, बूट काढता काढता. मला ते त्यांच्या मुलीकडून दुपारी कळलं. त्या अर्जाची स्थळप्रत माझ्याकडे राहिली आहे. ती मी अधूनमधून काढून वाचतो आणि प्रत्येक वेळी विषयापाशीच थांबतो.

त्यांची मुलगी मनीषा आणि मी वॉटरफोर्डजवळच्या एकाच कारखान्यात काम करतो. तिथे शस्त्रक्रियेची उपकरणं बनतात. मनीषा ती तपासते आणि मी त्यांच्या खोक्यात घालायची माहितीपत्रकं लिहितो, जी कोणी वाचत नाही. आमची घरंही एकाच वसाहतीत, मध्ये दोन दारं सोडून. चार वर्षांपूर्वी मनीषाला मल्टिपल स्क्लेरोसिस असल्याचं निदान झालं. मेंदूकडून शरीराकडे जाणाऱ्या तारांचं वेष्टण झिजत जाण्याचा हा आजार आहे. तिच्या बाबतीत त्याने पाय धरले. ते लाकडासारखे ताठ व्हायचे, पेटके यायचे, झोप लागायची नाही. ती काठी घेऊन चालू लागली आणि गाडी चालवणं तिने बंद केलं.

निदानाच्या दिवशी तिने गावी फोन लावला, “आप्पा” एवढं म्हणाली आणि रडायला लागली. पलीकडून काका म्हणाले, “विषय काय?” हे तिनेच मला सांगितलं. रडता रडता हसू आलं म्हणाली. कोणीही काहीही बोलायला सुरुवात केली की काका आधी विषय विचारायचे. यात कोरडेपणा नव्हता. खानदेशातल्या एका जिल्हा परिषदेत, शिक्षण विभागाच्या अनुदान शाखेत त्यांची एकतीस वर्षं गेली होती. अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. जगातलं कोणतंही दुःख त्यांच्यापुढे आलं की ते आधी कोणत्या टेबलाचं आहे एवढं त्यांना ठरवायचं असे. एकदा ठरलं की मग ते त्या दुःखाचा पाठपुरावा कधी सोडत नसत.

काकू आधीच गेल्या होत्या. त्यामुळे निदानानंतर ते दरवर्षी तीन महिने मुलीकडे येऊन राहायचे. त्याहून जास्त राहायची परवानगी मिळत नाही. अंगात अर्ध्या बाह्यांचा स्वेटर, खिशाला दोन पेनं, निळं लिहायला आणि लाल शेरे मारायला. सकाळी सात वाजता ते वसाहतीला दोन फेऱ्या मारायचे आणि कुत्री फिरवणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून नमस्कार करायचे. पोस्टमनला दारात उभं करून पाणी विचारायचे. पोस्टमन भर पावसात निथळत असला तरी पाणीच विचारायचे.

तिसऱ्या वर्षी ते आले तेच एक शब्द घेऊन. शब्द होता ‘कार्ड’. गावात त्यांच्याबरोबर फिरायला येणाऱ्या एका निवृत्त हेडमास्तरांचा मुलगा अमेरिकेत होता. त्याच्याकडून बातमी आली होती की तिकडे असल्या दुखण्यावर भांगेचं औषध देतात, आणि त्यासाठी रुग्णाला फोटो लावलेलं कार्ड मिळतं. मनीषाला नेहमीच्या औषधांचा उपयोग होत नव्हता हे काकांना माहीत होतं. तेव्हा प्रश्न सुटलाच होता. फक्त कार्ड काढायचं राहिलं होतं.

“काका, भांग लिहून चालणार नाही. कॅनाबिस लिहावं लागेल,” मी म्हणालो.

“म्हणजे गांजा?”

“म्हणजे दोन्ही.”

“गांजा नका लिहू. गांजा म्हटलं की कलम लागतं. भांग म्हटलं की महाशिवरात्र.”

शेवटी मी कॅनाबिस लिहिलं आणि काकांनी निळ्या पेनाने पुढे कंसात ‘भांग’ लिहिलं, देवनागरीत.

मनीषा सोफ्यावर पाय लांब करून आमचं ऐकत होती. “आप्पा, इथे असं कार्ड नसतं. आणि रुग्ण अर्जही करत नाही. आधीच्या औषधांनी गुण आला नाही तर स्पेशालिस्ट डॉक्टर स्वतः ठरवतात.”

“अर्जदाराशिवाय मंजुरी?” काकांनी चष्मा काढला. “मग टिपणी कशावर लिहितात?”

“मी माझ्या डॉक्टरांना विचारलंय. बघू म्हणाल्या.”

“बघू म्हणजे प्रलंबित,” काका म्हणाले आणि त्यांनी टोपण दाबून लावून पेन खिशात टाकलं. कामाला लागल्याची ती खूण होती.

दोन दिवसांनी ते एकटेच बसने शहरात गेले आणि एक जाडसर फॉर्म घेऊन परतले. माझी संध्याकाळची चहाची वेळ होती.

“आहे, भाऊसाहेब. कार्ड आहे. तुम्हा दोघांना माहीतच नाही. मेडिकल कार्ड म्हणून बाईंना विचारलं, त्यांनी एका मिनिटात फॉर्म दिला.”

मला त्यांना सांगावं लागलं की इथे मेडिकल कार्ड म्हणजे वेगळंच काही असतं. कमी उत्पन्नाच्या लोकांना डॉक्टर फुकट मिळावा म्हणून ते देतात. मनीषाच्या पगारात ते बसणार नाही.

“याच्यात भांग नाही?”

“नाही.”

“मग बाई हो का म्हणाल्या?”

“तुम्ही काय विचारलंत?”

“मेडिकल कार्ड.”

“आणि भांगेचं?”

“ते मी मनात ठेवलं,” काका म्हणाले. “रांगेत बायामाणसं होती.”

या काळात मनीषाचं दुखणं वाढत होतं. जिना चढवेना म्हणून ती खालीच सोफ्यावर झोपू लागली. बसताना पाय एकदम समोर उडायचा आणि टेबलाला लागायचा. ती फक्त कप उचलून धरायची, सांडू नये म्हणून. काका उठायचे. आतल्या खोलीत जाऊन वहीत काहीतरी लिहून यायचे.

मग एका दुपारी, ती कामावर असताना, त्यांनी डॉक्टरांच्या पत्रावरचा नंबर पाहून थेट सेक्रेटरीला फोन लावला. मुलीचा निरोप देतो आहे असं सांगितलं. संध्याकाळी मी मनीषाला कारखान्यातून घरी सोडलं तेव्हा ते दारातच उभे होते.

“मंजूर,” ते म्हणाले.

“काय मंजूर?”

“तुझी भांग. बाईंनी स्वतः सांगितलं. दोनदा म्हणाल्या.”

मनीषाने दाराच्या चौकटीला हात टेकला. “नक्की, आप्पा? त्या नीट काय म्हणाल्या?”

“मंजूर म्हणाल्या. आता कार्ड पोस्टाने येईल.”

तिने माझ्याकडे पाहिलं. मलाही वाटलं, इतकं सोपं कसं असेल. पण मोठं माणूस इतक्या खात्रीने सांगत होतं, आणि तिला ते खरं हवं होतं. त्या दिवशी ती स्वतःहून वरण-भाताला बसली आणि दोनदा वाढून घेतलं.

आता काका पोस्टमनची वाट पाहू लागले. तो गल्लीच्या टोकाला दिसला की हे बाहेर जाऊन उभे. एक आठवडा गेला, दुसरा गेला. तिसऱ्या आठवड्यात काकांना त्रुटी सापडली. कार्ड येणार, पण फोटो कुठे मागितला? फोटो दिल्याशिवाय कार्ड छापणार कसं? त्यांनी मनीषाचे दोन पासपोर्ट फोटो काढून आणले आणि मला म्हणाले, “हे साक्षांकित करायला हवेत. इथे राजपत्रित अधिकारी कोण?”

मी सहज बोलून गेलो की इथे पासपोर्टच्या फोटोवर पोलीस ठाण्यात शिक्का मारून देतात. ते बोलायला नको होतं.

ठाण्याच्या काउंटरवर एक तरुण, धिप्पाड पोलीस होता. काकांनी त्याला हात जोडले, फोटो पुढे सरकवले आणि पाठ करून आणलेलं इंग्रजी वाक्य म्हटलं, “सर, टू फोटोज, फॉर कॅनाबिस.”

पोलिसाने फोटोकडे पाहिलं. मग काकांकडे. स्वेटर, दोन पेनं, काखेत फाईल. मग माझ्याकडे. “हे तुमच्याबरोबर आहेत?” त्याने विचारलं. मी हो म्हणालो आणि शक्य तितक्या कमी शब्दांत सगळं सांगितलं. मुलगी, आजार, डॉक्टर, नसलेलं कार्ड. तो हसला नाही. त्याच्या मावशीला तेच दुखणं होतं. त्याने फोटो उचलून अदबीने काकांच्या हातात परत दिले आणि म्हणाला, “आह नो, यू आर ग्रँड.”

इथे ग्रँड म्हणजे भव्य नव्हे. ठीक आहे, चालेल, राहू द्या, काही गरज नाही, असं सगळं एका ग्रँडमध्ये येतं. दिवसातून पन्नास वेळा कानावर पडतं. पोलिसाला म्हणायचं होतं, शिक्क्याची गरज नाही, आजोबा.

काका माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर मोठं समाधान. “झालं. ग्रँट.”

“काय?”

“ग्रँट म्हणाले ना साहेब. पोलिसांचीही मंजुरी आली.”

एकतीस वर्षं अनुदान शाखेत काढलेल्या माणसाच्या कानाला तो शब्द दुसरा कसा ऐकू येणार? मी विचारलं, “काका, डॉक्टरांच्या सेक्रेटरीही हेच म्हणाल्या होत्या का? हाच शब्द?”

“हाच. दोनदा.”

त्यांनी वही काढून दाखवली. मधलं पान दुमडलेलं होतं आणि त्यावर तारीखवार नोंदी होत्या. ‘बसचालक. पुढच्या थांब्याऐवजी अलीकडेच उतरण्याबाबत. मंजूर.’ ‘शेजारीण. त्यांच्या कुंपणावर टॉवेल वाळत घालण्याबाबत. मंजूर.’ ‘ग्रंथालय. काही न वाचता दोन तास बसण्याबाबत. मंजूर.’ ‘पाद्री. चर्चमध्ये चपला काढून जाण्याबाबत. मंजूर.’ आणि त्यांच्यामध्ये, त्याच अक्षरात, ‘डॉक्टरांच्या सेक्रेटरी. भांगेबाबत. मंजूर.’

“मी मनात म्हणायचो,” काका म्हणाले, “आपल्याकडे एका शाळेच्या ग्रँटला दोन-दोन वर्षं लागायची. इथे माणूस विचारतो आणि उभ्या उभ्या मंजूर. म्हणूनच हा देश पुढे गेला.”

मी त्यांना तिथेच, ठाण्याबाहेरच्या कठड्यावर बसवलं आणि त्या शब्दाचा अर्थ सांगितला. मग मनीषाला न कळवता सेक्रेटरीला फोन लावला. बाई फार चांगल्या होत्या. त्यांना तो फोन आठवत होता. “आधी घेतलेल्या औषधांची यादी पाठवा, कोणतं कधी बंद केलं ते लिहा, मग डॉक्टर बघतील,” असं त्यांनी सांगितलं होतं, आणि शेवटी म्हणाल्या होत्या, दॅट्स ग्रँड. यादीची त्या अजून वाट पाहत होत्या. मी दिलगिरी व्यक्त केली, तर मलाही म्हणाल्या, यू आर ग्रँड.

काकांनी बोटांवर मोजलं. त्यांच्या मुक्कामाचे अठ्ठावीस दिवस उरले होते.  घरापाशी गाडीतून उतरताना म्हणाले, “तुम्ही आत या. साक्षीला.”

मनीषा सोफ्यावर होती. ते तिच्यासमोर उभेच राहिले. “मनू, माझ्या हातून चूक झाली आहे.”

“विषय?” तिने विचारलं.

“मंजुरी आलेली नाही. डॉक्टरांकडे ती मागितलीही गेलेली नाही. बाई ग्रँड म्हणाल्या, मी ग्रँट ऐकलं. तीन आठवडे तुझे वाया गेले.”

ती त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग हसायला लागली. इतकी हसली की पायात पेटका आला, आणि हसणं कुठे संपलं नि दुसरं काय सुरू झालं ते मला कळलं नाही. काका खाली बसले आणि तिचं पाऊल दोन्ही हातांनी जमिनीवर दाबून धरलं. पाय शांत होईपर्यंत ते तसेच होते. मी पाणी आणायला म्हणून आत गेलो आणि नळ सोडून उभा राहिलो.

यादी करायची गरजच पडली नाही. काका रोज आतल्या खोलीत जाऊन जे लिहायचे ते हेच होतं. तीन वर्षांच्या तीन मुक्कामांचं. मधल्या महिन्यांचं फोनवर विचारून भरलेलं. औषधाचं नाव, किती, कधी सुरू, कधी बंद, काय त्रास झाला, झोप किती तास. मी त्या रकान्यांचं इंग्रजी केलं आणि ते पाठवलं. आठव्या दिवशी डॉक्टरांनी बोलावलं.

डॉक्टर उंच, सावकाश बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी पान न् पान वाचलं. मग एका जागी बोट ठेवून विचारलं, “पाय या रकान्यात ‘ताठ’ लिहिलंय ते समजलं. पण हा शेजारचा रकाना कसला? तिथेही तेच लिहिलंय.”

मनीषाने वाकून पाहिलं. मूळ वहीत काकांच्या अक्षरात होतं. पाय: ताठ. स्वभाव: ताठ.

“आप्पा,” ती म्हणाली.

“नोंद खरी असावी लागते,” काका म्हणाले. मी भाषांतर केलं. डॉक्टर बराच वेळ हसल्या. मग त्यांनी मनीषाचे पाय तपासले, वाकवून पाहिले आणि सांगितलं की एवढं सगळं करून गुण आलेला नाही हे आता स्पष्ट आहे. त्या हे औषध सुरू करतील. थोड्या थेंबांपासून. उपयोग होईलच असं नाही, झाला तरी थोडाच होईल.

“अँड कार्ड?” काकांनी विचारलंच.

कार्ड नसतं, डॉक्टर म्हणाल्या. रुग्णाचं नाव एका रजिस्टरमध्ये नोंदवतात आणि त्याला क्रमांक मिळतो.

काका खुर्चीत सरळ झाले. “रजिस्टर?” ते मला मराठीत म्हणाले, “हे आधी का नाही सांगितलं? कार्ड काय, धुण्यातही जातं.”

औषधाची बाटली दुकानात यायला अजून सहा दिवस लागले. बोटाएवढी, तपकिरी, आत तेल. काकांनी ती उजेडात धरली, हुंगली आणि निराश झाले. “एवढीच?” पहिले थेंब जिभेखाली घेऊन मनीषा बसली तेव्हा ते समोर खुर्ची ओढून, हातात घड्याळ घेऊन बसले. मलाही बोलावलं होतं. दर पाच मिनिटांनी विचारायचे.

“गरगरतंय का?”

“नाही.”

“भूक?”

“नाही.”

“हसू येतंय?”

“तुमच्याकडे बघून येतंय.”

त्यांनी घड्याळ पाहिलं आणि वहीत लिहिलं.

चमत्कार झाला नाही. पण आठवडा उलटल्यावर पेटक्यांमधलं अंतर वाढलं. एके सकाळी ती सलग पाच तास झोपल्याचं काकांनी मला फाटकात गाठून सांगितलं, जणू बोर्डाचा निकाल लागला होता. त्यांच्या जाण्याआधीच्या रविवारी मनीषाच म्हणाली, ट्रामोरला जाऊ, समुद्रावर. मी दोघांना घेऊन गेलो.

वारा होता. ऊनही होतं, ते येत-जात होतं. फरसबंद वाटेवरच्या एका बाकावर आम्ही बसलो. समोर तीसेक पावलांवर दगडी भिंत होती. थोडा वेळ गेल्यावर मनीषा उठली आणि काठी माझ्या हातात दिली.

“तिथपर्यंत जाते. अशीच.”

काका लगेच उभे राहिले.

“नाही, आप्पा. तुम्ही बघायचं नाही.”

“बघून काय होतं?”

“तुम्ही मोजता. मला ऐकू येतं.”

 काका चार पावलं पुढे जाऊन समुद्राकडे तोंड करून उभे राहिले, हात मागे बांधून. ती निघाली. मी तिच्या थोडा मागे, काठी घेऊन.

“निघालीस का?” त्यांनी समुद्राला विचारलं.

“निघाले.”

“पायाखाली बघ.”

“आप्पा, गप्प.”

एक म्हातारा आयरिश माणूस कुत्र्याला घेऊन चालला होता. कोणीतरी आपल्याशीच बोलतंय असं त्याला वाटलं असावं. तो काकांपाशी थांबला आणि हवेबद्दल काहीतरी म्हणाला. काकांनी मान न वळवता त्याला सांगितलं, “माय डॉटर इज वॉकिंग. डोन्ट लुक.”

तो माणूस क्षणभर घुटमळला. मग त्यानेही टोपी नीट केली आणि काकांच्या शेजारी, समुद्राकडे तोंड करून उभा राहिला. दोघांची पाठ आमच्याकडे. फक्त कुत्रा मागे वळून मनीषाकडे बघत होता.

ती दोनदा थांबली. एकदा हात हवेत गेला, मी पुढे झालो, तिने नको म्हणून मान हलवली. मग भिंत आली आणि तिने दोन्ही तळवे तिच्यावर टेकले. तिला दम लागला होता. बोलता येत नव्हतं.

“सांगू त्यांना?” मी हळूच विचारलं.

तिने वळून त्या दोन पाठींकडे पाहिलं.

“थांब,” ती म्हणाली. “उभे राहू देत जरा.”